आज्याचा गुडघा

पहिल्या खर्ड्यात पहिल्याच पानावर विहिरीत प्रेत होतं.

लिहायला बसलो होतो ते माझ्या लहानपणावर. यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका, १९७४ चा कापसाचा हंगाम, नऊ वर्षांचा पोरगा आणि त्याचा आजा. ह्यात प्रेताचा काही संबंध नव्हता. आमच्या विहिरीत त्या साली कोणी पडलं नाही, त्याआधी नाही, नंतरही नाही. पण २६ वर्षं रहस्यकादंबऱ्या लिहिलेल्या हाताला प्रेताशिवाय पहिलं पान उघडताच येईना.

दिवसा बँकेत क्लार्क आणि रात्री दहा ते एक लेखन, असं माझं आयुष्य गेलं. वर्षाला दोन पुस्तकं, शिवाय दिवाळी अंकांना दीर्घकथा. माझी पुस्तकं तालुक्याच्या वाचनालयांत खाकी कव्हर घालून फिरायची आणि परत यायची तेव्हा त्यांची शिवण उसवलेली असायची. मला ह्या लिखाणाची लाज कधी वाटली नाही. मी वाढलोच बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक ह्यांच्या पुस्तकांवर. दमून घरी आलेल्या माणसाला रात्री बारापर्यंत जागं ठेवणं ही मोठी कारागिरी आहे. कोणती गोष्ट कधी सांगायची, कोणती दडवायची, आणि दडवलेली गोष्ट वाचकाच्या डोळ्यांदेखत कशी ठेवायची, हे मी त्या लिखाणातच शिकलो. पुढे मला तेच उपयोगी पडलं आणि तेच आडवंही आलं.

अमेरिकन कादंबरीकार जॉन ग्रिशॅम मी वाचायचो तो ह्याच कारागिरीसाठी. १९९१ च्या ‘द फर्म’ने त्याचं नाव झालं आणि मग जवळजवळ दरवर्षी त्याची कोर्टकचेरीची एक कादंबरी यायची. नागपूरला गेलो की सीताबर्डीच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्याची पुस्तकं निवडायचो, पेन्सिलने खुणा करत वाचायचो. कुठे कलाटणी दिली, कुठे प्रकरण तोडलं. असंच एकदा ‘अ पेंटेड हाऊस’ हाती लागलं. नाव पाहून मला वाटलं, घराच्या मालकीचा खटला असेल.

रात्री उघडलं आणि पहिल्याच पानावर कापूस वेचायला येणारी माणसं भेटली. डोंगरातली माणसं एका बाजूने येतात, मेक्सिकन मजूर दुसऱ्या बाजूने, एकाच दिवशी. मी पुस्तक मिटून उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आमच्याकडेही दिवाळीच्या सुमाराला पलीकडच्या डोंगराकडच्या गावांतून माणसं उतरायची, डोक्यावर गाठोडी आणि पोरं काखेत घेऊन. आजा ओट्यावर उभा राहून लांबूनच मोजायचा, अंदाजे किती हात आले ते. त्याला माणसं नाही, हात दिसायचे. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या एका पोराच्या तोंडून हे मला नागपूर मुक्कामी ऐकायला मिळालं.

पुस्तक २००१ चं. त्याआधी २००० साली ‘ऑक्सफर्ड अमेरिकन’ ह्या मासिकातून ते क्रमशः छापून आलं होतं. ग्रिशॅमचा जन्म १९५५ चा, आर्कान्सातल्या जोन्सबरोचा. लहानपणाची पहिली वर्षं त्याने ब्लॅक ओक नावाच्या खेड्याकडे कापसाच्या शेतावर काढली. पुढे तो मिसिसिपीत वकील झाला, तिथल्या विधिमंडळात निवडून गेला, मग लेखक झाला. कोट्यवधी वाचक कोर्टाची वाट पाहत बसलेले असताना हा माणूस मागे फिरला आणि १९५२ साली जाऊन बसला. कथा सांगतो सात वर्षांचा ल्यूक चँडलर. त्याचे आजोबा आणि वडील ८० एकर मक्त्याने कसतात. वाचकांचा विरस होऊ नये म्हणून ग्रिशॅमने आधीच सांगून टाकलं होतं की ह्या गोष्टीत एकही वकील नाही, जिवंत नाही की मेलेला नाही.

मला त्याच्या धाडसाचं फार कौतुक वाटलं. आपल्याकडे सुहास शिरवळकरांनी असा पल्ला मारला होता. रहस्यकथांचे नायक गाजत असतानाच ते १९८२ साली ‘दुनियादारी’कडे वळले. पण ती कॉलेजच्या कट्ट्यावरची पोरं. मातीकडे, कापसाकडे वळलेला थरारकथाकार मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आणि कापूस तर दोन्हीकडचा एकाच गोष्टीतला. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा साहेबाची नजर आमच्या वऱ्हाडावर पडली. भाव चढले, वावरंच्या वावरं कापसाखाली गेली, १८७० ला खामगावपर्यंत रेल्वे आली. आमच्या दारव्ह्यावरून जायची ती मूर्तिजापूर–यवतमाळ छोटी गाडीसुद्धा कापूस वाहायलाच टाकलेली. ल्यूकच्या आजोबांच्या आजोबांनी तिकडे युद्ध केलं नसतं, तर माझ्या आज्याच्या आज्याने ज्वारीच पेरली असती, असं मी तेव्हा डायरीत लिहून ठेवलं आहे. थोडं भाबडं आहे, पण खोटं नाही.

तर अशा उत्साहात मी लिहायला बसलो आणि पहिल्या पानावर प्रेत आणलं. तीन आठवड्यांत १९० पानं झाली. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी खुंटी मारलेली. माझ्या ओळखीच्या एक जुन्या संपादक बाई आहेत, त्यांना वाचायला दिलं. त्यांनी आठ दिवसांनी बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, “पोरगा छान आहे. आजोबा तर फारच छान. पण हे प्रेत ह्या गावचं वाटत नाही.”

मी प्रेत काढलं. काढल्यावर पुस्तक सपाट झालं. आता त्यात काहीच घडेना. मग मी दुसरी चूक केली. घडवण्यासाठी दुष्काळ आणला, सावकार आणला, आटलेली विहीर, विकलेली बैलजोडी, रडणारी माय. ह्यातलं खोटं काही नव्हतं; १९७२ चा दुष्काळ आम्ही पाहिला होता. पण तो मी पाहिलेला दुष्काळ नव्हता, इतरांच्या कादंबऱ्यांतून वाचलेला होता. मला १९७२ आठवतं ते असं, की माय मिलोच्या, म्हणजे दुष्काळात वाटलेल्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीला नावं ठेवायची आणि मला ती लालसर भाकरी आवडायची. हे दुसऱ्या खर्ड्यात कुठेच नव्हतं. त्या दिवसांत मी उद्धव शेळक्यांची ‘धग’ पुन्हा वाचली. त्यातल्या कौतिकच्या हालांबद्दल शेळके एकदाही कळवळून बोलत नाहीत. ते फक्त ती काय करते ते सांगत जातात. माझा दुसरा खर्डा मी बांधून माळ्यावर ठेवला.

मग वर्षभर काही लिहिलं नाही. बँकेतून निवृत्त झालो. रहस्यकादंबऱ्या छापणाऱ्या प्रकाशकांचा फोन यायचा, “सर, नवीन काही?” मी सांगायचो, गावाकडचं लिहितोय. ते विचारायचे, “खून साधारण कोणत्या प्रकरणात येतो?” त्यांचा प्रश्न त्यांच्या जागी बरोबर होता. त्यांनी माझ्या खुनांवर घर चालवलं होतं आणि मीही.

त्या नोव्हेंबरात गावी गेलो आणि चुलतभावाला म्हटलं, चार दिवस वेचायला येतो. तो हसला नाही. म्हणाला, ये, माणसं कमीच आहेत.

सकाळी साडेसहाला वावरात. दव होतं. सकाळच्या दवात पऱ्हाटीची वाळलेली पानं मऊ असतात, ऊन चढलं की त्यांचा चुरा होऊन कापसाला चिकटतो. म्हणून लवकर लागायचं. बायकांनी कमरेला फडकी बांधून ओचे केलेले. मलाही एक जुनं लुगडं मिळालं. वावरात ‘तास’ म्हणजे पऱ्हाटीची ओळ. एकीने मला माझा तास दाखवला आणि ती शेजारच्या तासाला लागली.

लहानपणी वेचला होता, हात विसरला नसेल असं मला वाटलं होतं. हात साफ विसरला होता. पाची बोटं जुळवून बोंडात घालायची, मुठीत धरायचं आणि एका ओढीत सगळ्या पाकळ्यांतला कापूस बाहेर काढायचा. अर्धवट ओढला तर शेपूट मागे राहतं, ते उचकटायला पुन्हा हात घालावा लागतो, आणि वाळलेल्या बोंडाची टोकं नेमकी नखाच्या मुळाशी घुसतात. तासाभरात माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांतून रक्त आलं. पांढऱ्या कापसावर लाल ठिपका पडला की तो बोंडअळीच्या डागापेक्षा वाईट दिसतो. मी तो ओच्यात खाली दाबायचो.

शेजारची बाई माझ्यापुढे पार निघून गेली होती. तास संपवून परत येताना ती थांबली. म्हणाली, “दादा, हातातल्या बोंडाकडं नका पाहू. पुढच्या बोंडाकडं पाहा. हात आपोआप येते.”

आणि खरंच तसंच होतं. 

संध्याकाळी धुऱ्यावरच्या बाभळीला काटा टांगला. आता आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. एकेकीचं गाठोडं आकड्याला लागायचं, लाल अंक थरथरायचे आणि थांबायचे. माझं भरलं नऊ किलो चारशे. शेजारणीचं एकतीस. तिचं गाठोडं लागलं तेव्हा माझं लक्ष काट्याकडे नव्हतं, तिच्याकडे होतं. ती अंकाकडे पाहत नव्हती. ती माझ्या भावाच्या पायांकडे पाहत होती.

माझ्या भावाचे पाय गाठोड्यापासून चांगले दोन हात लांब होते. तरी ती पाहत होती. सवयीने.

त्या क्षणी मला आज्याचा गुडघा आठवला. जे पुढे लिहितो ते मी पन्नास वर्षांत कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मायला नाही. खरं तर स्वतःशीही ते शब्दांत कधी आणलं नव्हतं.

आमच्या कोठ्यासमोर कडुलिंब होता. त्याच्या आडव्या फांदीला आजा ताणकाटा बांधायचा. पितळी तबकडी, मधे एक काटा, खाली आकडा. वेचणीवरून बायका परत यायच्या तेव्हा दिवेलागण झालेली असायची, आणि तबकडीजवळ कंदील धरायचं काम माझं. तबकडी बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीला यायची. आजा गाठोडं आकड्याला लावायचा. ते गोल फिरू लागायचं, झुलायचं. झुलू नये म्हणून आजा उजवा गुडघा पुढे करून त्याला टेकवायचा. गाठोडं थांबायचं. आजा वजन पुकारायचा आणि बाबा वहीत लिहायचे.

एके दिवशी मी काट्याकडेच पाहत होतो. गुडघा टेकायच्या आधी काटा बावीसवर गेला. गुडघा टेकला, गाठोडं थांबलं आणि काटा हळूच मागे सरकून वीसवर आला. आजा म्हणाला, “वीस.”

मला आधी वाटलं मी चुकलो. पुढच्या गाठोड्याला पुन्हा पाहिलं. अठराचे साडेसोळा. त्याच्या पुढचं, पंचवीसचे तेवीस. गुडघा गाठोड्याच्या बाजूला नव्हता. खाली होता.

मी मान वर केली तर समोर ती बाई. जिचे बावीसचे वीस झाले होते, ती. ती माझ्याकडे पाहत होती. मी पाहिलं हे तिने पाहिलं होतं. आमची नजरानजर किती वेळ झाली असेल, डोळे मिटून उघडण्याइतकीच. मग तिने खाली पाहिलं, पदराला हात पुसला आणि पाणी मागितलं. मायने वरून पाणी ओतलं, ती ओंजळीने प्यायली. त्या काळात त्यांना भांडं दिलं जात नसे. हेही मी त्याच नजरेने तेव्हा पाहिलं, पण त्याचं मला त्या वेळी काही वाटलं नाही. वाटायला बरीच वर्षं लागली.

माझा आजा माझ्यासाठी देव होता. पोळ्याला मला बैलावर बसवणारा, वेचणी सुरू व्हायच्या दिवशी पऱ्हाटीला सीतादही वाहताना पहिलं बोंड माझ्या हातात देणारा. त्याने रात्री जेवताना विचारलं, “काऊन रे, जेवत काऊन नाही?” मी म्हणालो, पोट दुखतं.

ह्यात प्रेत नव्हतं. दोन किलो कापूस होता. आणि मला कळलं, की माझं पुस्तक एवढ्यात आहे.

नागपूरला परतल्यावर ‘अ पेंटेड हाऊस’ पुन्हा वाचलं, ह्या वेळी वेगळ्या कारणाने. पहिल्या वाचनात मला वाटलं होतं की ग्रिशॅमने थरार सोडला आणि गाव घेतलं. तसं नाही. त्याने आपलं सगळ्यात चांगलं हत्यार बरोबर आणलं होतं. १९९३ च्या ‘द क्लायंट’मध्ये ११ वर्षांचं पोर असतं, त्याला एका प्रेताचा ठावठिकाणा कळलेला असतो आणि सगळे त्याच्या तोंडून तो काढायला टपलेले असतात. इथे ल्यूकही जे पाहू नये ते पाहतो, मारामारीत माणूस मरताना पाहतो, आणखीही पाहतो, आणि गप्प राहतो. म्हणजे हत्यार तेच आहे, भोगणारं पोर. फरक एवढाच, की ‘द क्लायंट’मध्ये वकील आहे, न्यायाधीश आहे, गुपित ठेवून यायला जागा आहे. ल्यूकच्या गावात कोर्ट भरत नाही. कापूस वेचायचा असतो, आभाळ भरून आलेलं असतं, नदीला पूर येऊ घातलेला असतो. गुपित पोराकडेच राहतं आणि ते घेऊन तो दुसऱ्या दिवशी पुन्हा कापसाची झोळी ओढत वावरात जातो.

आणि मग ते घर. कधीच न रंगवलेल्या फळ्यांचं घर, जे कोणीतरी गुपचूप रंगवायला लागतं, आणि बेसबॉलच्या जॅकेटसाठी जमवलेल्या वेचणीच्या पैशांतून ल्यूक रंगाचे डबे आणतो. पोर मोठं होतं ते तिथे. मला ते प्रकरण पहिल्यांदा वाचताना लांबलेलं वाटलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना मी रडलो.

तिसरा खर्डा तेव्हापासून सुरू झाला आणि खरी अडचणही. रहस्यकादंबरीत दडवलेली गोष्ट शेवटी उघडावी लागते. ती उघडण्यासाठीच तर दडवलेली असते. माझा हात प्रत्येक प्रकरणात त्या उघडण्याकडे धावत होता. मी तीनदा वेगवेगळा शेवट लिहिला. एकात पोरगा सगळ्यांसमोर ओरडतो, “आजा, गुडघा काढ.” दुसऱ्यात ती बाई गाठोडं उचलून निघून जाते. तिसऱ्यात मरताना आजा कबुली देतो. तिन्ही वाचायला चांगले होते. तिन्हींत मी कोर्टच भरवत होतो.

वेळ कसा दाखवायचा हाही प्रश्न. माझ्या जुन्या पुस्तकांत घड्याळ असायचं, रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं वगैरे. वावराला घड्याळ नाही. मी प्रकरणांना पिकाप्रमाणे नावं दिली: मृगाची पेरणी, डवरणी, पात्या, फुलं, बोंडं, सीतादही, वेचणी, फरदड आणि शेवटी उलंगवाडी, म्हणजे हंगाम संपून वावर मोकळं होतं आणि गुरं आत सोडतात ते. हे केल्यावर मला एकदम मोकळं वाटलं. बोंड फुटायचं तेव्हाच फुटणार होतं, माझ्या कलाटणीसाठी ते थांबणार नव्हतं. वाचकाला वाट बघायला लावायचं काम आता मी करत नव्हतो, पऱ्हाटी करत होती.

माझ्या लहानपणीच्या त्या हंगामात राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच विकत घ्यायचा ती योजना, नवी होती, १९७२ ला सुरू झालेली. खरेदी केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागायच्या, बंडीखाली झोपायचं, कापसाची प्रत ठरवणाऱ्या माणसाने मुठीत कापूस घेऊन काय शब्द उच्चारला त्यावर घरातलं लग्न ठरायचं की मोडायचं ते अवलंबून असायचं. तिथे आजा हात जोडून उभा असे. मी बंडीवरून त्याला पाहिलं आहे. गावात ज्याच्यापुढे बायका वर बघत नसत तो माझा आजा तिथे एका तरुण पोराला “साहेब, साहेब” म्हणत होता, आणि त्या साहेबाने मूठ उघडून कापूस खाली टाकला आणि हलकी प्रत सांगितली. परत येताना आजा अख्ख्या वाटेत बोलला नाही. ह्या दोन काट्यांची गोष्ट शेजारी ठेवायची की नाही ह्यावर मी महिनाभर घालवला. ठेवली तर आज्याला माफ केल्यासारखं होतं. काढली तर खोटं होतं. शेवटी मी केंद्राचा प्रसंग आधी ठेवला आणि गुडघ्याचा नंतर, तोही मधे पोळा आणि दिवाळी जाऊ देऊन, म्हणजे वाचकाने हवं तर जोडावं.

तरी शेवट सापडत नव्हता. मग मायला विचारायचं ठरवलं. ती ८४ वर्षांची आहे, गावीच असते. ऐकू कमी येतं, बाकी सगळं ठीक. दुपारी ती अंगणात तूर निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि पन्नास वर्षांची गोष्ट एका दमात सांगितली. ताणकाटा, कंदील, गुडघा, ती बाई. सांगताना माझा आवाज कापत होता.

माय तूर निवडतच राहिली. म्हणाली, “मामाजीचा गुडघा? अरे बाप्पा, तो तं साऱ्या गावाले मालूम होता.”

मला सुचेना काय बोलावं. विचारलं, “मंग कोनी बोललं काऊन नाई?”

“बोलून जातीन कुठी? दुसऱ्याच्या वावरात का गुडघे नसतेत?”

मग तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, “वेचणाऱ्या बायांनाई मालूम होतं. सकाळी दवाचा कापूस वेचत त्या, वजन भरावं म्हनून. मामाजीले तेई मालूम होतं.”

मी पन्नास वर्षं जे एकट्याने उराशी धरलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. न माहीत असलेला एकच माणूस त्या अंगणात होता, तो नऊ वर्षांचा पोरगा. ती बाई माझ्याकडे त्या संध्याकाळी का पाहत होती, हे मला तेव्हा समजलं. मी तिची चोरी झालेली पाहिली म्हणून ती पाहत नव्हती. ह्यालाही कळलं आता, म्हणून पाहत होती.

चौथा खर्डा मी पाच महिन्यांत लिहिला. ओरडणं नाही, निघून जाणं नाही, कबुली नाही. पोरगा पाहतो, बाई पाहते, पोट दुखतं म्हणतो. पुढच्या हंगामात आजा एके दिवशी वहीची बेरीज त्याच्याकडून करून घेतो आणि तो बरोबर बेरीज करतो. विसांची, साडेसोळांची, तेविसांची. त्या बेरजेत तो आज्याच्या बाजूला गेला, हे त्याला कळतं आणि वाचकालाही. संपादक बाईंनी वाचून फक्त एवढंच विचारलं, “बेरीज खरी आहे का तपासलीत ना?” तपासली होती.

जुने प्रकाशक नाही म्हणाले, पण प्रेमाने. दुसऱ्या एका लहान प्रकाशकाने घेतलं. मुद्रितं आली तेव्हा मी ती घेऊन गावी गेलो. मायला वाचता येत नाही, तिला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. रोज दोन प्रकरणं. ती मधेमधे दुरुस्त करायची. बैलाचं नाव चुकलं होतं. सीतादह्याला भाताबरोबर काय काय नेत ते मी अर्धंच लिहिलं होतं. मी पेन्सिलीने समासात लिहून घेत होतो.

पाचव्या दिवशी वेचणीचं प्रकरण आलं. कडुलिंब, ताणकाटा, दिवेलागण. “कंदील माझ्या हातात होता,” असं वाचलं आणि मायने हात वर केला.

“कंदील तुह्या हातात नव्हता.”

मी म्हटलं, “माझ्याच हातात होता माय. तबकडी माझ्या डोळ्यांसमोर होती.”

“तू माह्या मांडीवर होता. ताप होता तुले. कंदील तिच्या पोरीच्या हातात होता. तुह्याएवढीच होती ते. फिक्या हिरव्या पोलक्यातली.”

मी वाद घातला नाही. डोळे मिटून पाहिलं. कडुलिंब होता, गाठोडं फिरत होतं, काटा बावीसवरून वीसवर येत होता. आणि काट्याजवळ जो हात होता, त्याच्या मनगटात हिरव्या काचेच्या दोन बांगड्या होत्या. त्या मी प्रत्येक खर्ड्यात पाहिल्या होत्या आणि प्रत्येक वेळी मायच्या म्हणून सोडून दिल्या होत्या.

म्हणजे ती बाई जिच्याकडे पाहत होती ती मी नव्हतो. ती तिची पोरगी होती.

प्रकाशकांना फोन करून एक महिना मागून घेतला. मग मायच्या खाटेशेजारी बसून कोऱ्या कागदावर पुन्हा सुरुवात केली. कडुलिंबाखाली आधी त्या पोरीला उभं केलं, तिच्या हातात कंदील दिला, आणि तबकडी तिच्या डोळ्यांच्या उंचीला आणली.